घरी इंग्रजीच बोलायचं का?

"मॅडम, घरात तीन-तीन भाषा आहेत, त्यामुळे पोर गोंधळते का?" हा प्रश्न महिन्यातून दोनदा तरी माझ्यासमोर येतो. उत्तर मी खाली देतेच, पण आधी रेवाबद्दल सांगते. नाव बदललं आहे, ओळख पटेल असे तपशीलही.

रेवा साडेपाच वर्षांची, सीनियर केजीत. वडील मूळचे धुळे जिल्ह्यातले, नोकरी चाकणला, घर मोशीला. शाळेत रेवा आठ महिने जवळजवळ बोललीच नव्हती. शाळेने एक चाचणी घेऊन कागद हातात दिला होता: "शब्दसंग्रह कमी, आकलन कमी". सोबत सल्ला, घरी फक्त इंग्रजी बोला. आईवडिलांनी तो मनापासून पाळला. आईचं शिक्षण मराठीतून झालेलं, त्यामुळे घरात "ईट फास्ट", "डोन्ट टच", "कम हिअर" एवढंच उरलं. आजीला तर "तिच्याशी कमी बोल" असंच सांगितलं गेलं, कारण आजीला खानदेशातल्या अहिराणीशिवाय काही येत नाही.

पहिल्या दिवशी चूक माझीच झाली. मी रेवाशी मराठीत बोलायला लागले, माझ्या शहरी, पुस्तकी मराठीत. "तुझी आवडती मैत्रीण कोण गं?" ती चपलेच्या पट्ट्याशी खेळत राहिली. मी वहीत लिहिलं, "मातृभाषेतही प्रतिसाद कमी". ते वाक्य आजही त्या वहीत आहे, खोडलेलं नाही. तिची मातृभाषा कोणती, हे मी विचारलंच नव्हतं. आडनाव मराठी, जिल्हा महाराष्ट्रातला, म्हणजे मराठी. अहिराणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, हा वाद अभ्यासकांनी घालावा. 2011च्या जनगणनेत खानदेशी, जिच्यात अहिराणीही धरतात, मराठीपासून वेगळी मोजली आहे आणि ती सांगणारे साडेअठरा लाखांहून जास्त आहेत. साडेपाच वर्षांच्या मुलीसाठी तेव्हा एवढंच खरं होतं की समोरची बाई आजीसारखं बोलत नाही.

दुसऱ्या वेळी मी आजींनाही आत बोलावलं. त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या, पदर तोंडाशी. "बोलू का?" असं त्यांनी मुलाकडे बघून विचारलं. माझ्याकडे नाही. मग हळूच म्हणाल्या, "आठे ये माय, पानी पी ले." रेवा उठली, पाणी प्यायली आणि आजींच्या मांडीला टेकून टेबलावरची चित्रकार्डं उलटायला लागली.

त्यात इंग्रजी मुळाक्षरांचं एक कार्ड होतं, आय फॉर इग्लू. पांढरा घुमट, खाली काळं दार. रेवाने दारावर बोट ठेवलं आणि आजींना म्हणाली, "चूल पेटनी नही."

मला काही कळेना. वडील हसले, मग एकदम गप्प झाले. ते म्हणाले, "मॅडम, तिला खापर दिसतंय." खानदेशात पुरणाचे मांडे भाजायला मातीचं मोठं खापर चुलीवर पालथं घालतात. वर घुमट, खाली चुलीचं तोंड. चित्राशी ते इतकं तंतोतंत जुळतं की मलाही आता त्या कार्डात इग्लू दिसत नाही. शाळेच्या चाचणीतही हेच चित्र होतं आणि तिथे रेवाला शून्य होतं. बर्फाचं घर तिने कधी पाहिलेलं नाही. आपणही नाही म्हणा, पण आपल्याला उत्तर पाठ आहे.

त्यानंतर मी आजींना सांगितलं, "तिच्याकडून भरीत कसं करतात ते वदवून घ्या." आजी विचारत गेल्या, रेवा सांगत गेली. वांगी कोणती घ्यायची, काड्यांवर कशी भाजायची, साल कधी निघते, मिरच्या कशात कुटायच्या. क्रम चुकला नाही. मध्ये आजींनी मुद्दाम आधी तेल घातलं, तर तिने त्यांना थांबवलं. क्रम लावणं, कारण सांगणं, दुसऱ्याची चूक पकडणं, शाळा जे तपासू पाहत होती ते सगळं इथे होतं. अर्धं मला वडिलांनी समजावून सांगावं लागलं, ती गोष्ट वेगळी.

आता प्रश्नाचं उत्तर. घरात दोन किंवा तीन भाषा असल्याने मुलाला भाषेचा दोष निर्माण होत नाही. एका वाक्यात दोन भाषा मिसळणं हाही आजार नाही. शब्द मोजायचे तर सगळ्या भाषांतले मिळून मोजायचे. नवीन भाषेच्या वर्गात काही मुलं सुरुवातीचे काही महिने फक्त ऐकतात. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी दाखवलं की दुसऱ्या भाषेत गप्पा मारण्याइतपत बोलणं साधारण दोन वर्षांत येतं, पण त्या भाषेतून अभ्यास पेलायला पाच ते सात वर्षं लागतात. आपण जूनमध्ये शाळेत घालतो आणि दिवाळीत निकाल मागतो. आणि "अनेक भाषांनी डोकं मंदावतं" ही समजूत एकेकाळी संशोधनातही होती. गरीब स्थलांतरितांच्या मुलांची परक्या भाषेत चाचणी घेतली की असाच निष्कर्ष निघणार. 1962 मध्ये मॉन्ट्रियलला पील आणि लॅम्बर्ट यांनी सारख्या परिस्थितीतली मुलं निवडून तुलना केली, तर दोन भाषा येणारी मुलंच पुढे निघाली.

मात्र काळजी कधी करायची हेही ऐका. मूल घरच्या भाषेतही वयाच्या मानाने मागे असेल, हाक मारल्यावर वळत नसेल, आधी येणारे शब्द विसरत असेल, तर भाषेला दोष देत बसू नका. आधी कानांची तपासणी, मग स्पीच थेरपिस्ट. रेवाचीही कानांची तपासणी मी करून घेतली, ती नीट निघाली. घरी भरभरून बोलणारं मूल नवी भाषा कळायला लागल्यावरही शाळेत अवाक्षर काढत नसेल, तर त्यामागे भीती असू शकते. त्यावर वेगळे उपचार आहेत.

रेवाच्या बाबतीत मला खरं काम करावं लागलं ते वडिलांबरोबर. ते पुण्यात इंजिनिअरिंगला आले तेव्हा हॉस्टेलवर त्यांचं नाव "शेवभाजी" पडलं होतं. तोंडून "मी जातो"ऐवजी "मी जास" निघालं की खोली हसायची. दोन वर्षांत त्यांनी बोलणं घासूनपुसून असं केलं की मला शंकाही आली नाही. "माझं झालं ते पोरीचं नको," म्हणाले. यात चुकीचं काय, असं मला क्षणभर वाटलंही. तेवढ्यात गावाहून चुलत्यांचा फोन आला आणि त्यांचा आवाजच बदलला; मोठा, मोकळा, हातवारे करणारा माणूस. रेवा त्यांच्याकडे बघत होती. मी फक्त एवढंच विचारलं, हा माणूस तिला आठवड्यातून किती वेळ भेटतो?

पथ्य साधं ठरलं. आजीवरचा निर्बंध उठला. आईने तिला जमते त्या मराठीत बोलायचं. इंग्रजीची काळजी शाळेने घ्यायची, घरी रोज एक गोष्टीचं पुस्तक पुरे. बाईंना मी आजींच्या स्वयंपाकातले वीसेक शब्द लिहून दिले. बाई भल्या निघाल्या, त्यांनी ते खरंच वापरले. तरी चमत्कार काही झाला नाही. चार महिन्यांनी रेवा बाकावरच्या मुलीशी कुजबुजायला लागली. वर्गात हात वर करायला पुढचं वर्ष उजाडलं, आणि अजूनही अनोळखी माणसासमोर ती आधी चपलेचा पट्टा चाचपते.

गेल्या श्रावणात वडिलांचा फोन आला. खानदेशातल्या कानबाईच्या सणाला गावी निघाले होते, विसर्जन सोमवारी, म्हणून शाळेत रजा हवी होती. "अर्जात कारण काय लिहू? फॅमिली फंक्शन लिहिलंय." मी म्हटलं, कानबाई लिहा की. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मागून रेवाचा आवाज येत होता, ती आजींना कानबाईच्या नैवेद्याचे, रोटाचे गहू कुठे ठेवलेत ते विचारत होती. "बघतो," म्हणाले आणि फोन ठेवला. शेवटी काय लिहिलं ते मी विचारलं नाही.