तीन महिन्यांच्या कोर्सवर आहारतज्ज्ञ होता येईल का?

प्रश्न : मुलगी यंदा बारावी सायन्स झाली. तिला आहारतज्ज्ञ व्हायचंय. तीन महिन्यांच्या ऑनलाइन सर्टिफिकेटची जाहिरात पाहून म्हणते, पाच वर्षं कशाला घालवू? काय सांगावं?
– एक पालक, कोथरूड, पुणे

उत्तर : जिममध्ये त्या सर्टिफिकेटवर काम मिळेलही, रुग्णालयात नाही. तिथला रस्ता आहारशास्त्रात बीएस्सी, मग याच विषयात एमएस्सी, रुग्णालयात इंटर्नशिप आणि इंडियन डायटेटिक असोसिएशनची आरडी (रजिस्टर्ड डायटिशियन, म्हणजे नोंदणीकृत आहारतज्ज्ञ) परीक्षा असा आहे. पुण्यात कर्वे रस्त्यावरच्या एसएनडीटीत गृहविज्ञान शाखा आहे. दूरशिक्षणाच्या भानगडीत पडू नका. या विषयाचे तसे नवे प्रवेश यूजीसीने २०२५ मध्ये बंद केले.

एवढी वर्षं कशासाठी, ते किडनीच्या रुग्णावरून कळेल. वजन ६० किलो, किडनी कमजोर, पण डायलिसिस नाही : प्रथिनं दिवसाला साधारण ३६ ते ४८ ग्रॅम. त्यालाच डायलिसिस सुरू झालं की ६० ते ७२ लागतात, कारण डायलिसिसमध्ये अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, वाहून जातात. ‘किडनी म्हणजे डाळ बंद’ एवढंच पाठ असलेला माणूस या दुसऱ्या रुग्णाला उपाशी मारतो.

हिशेबातली नेहमीची चूक कच्च्या-शिजलेल्या वजनाची. कच्च्या तूरडाळीत १०० ग्रॅमला सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं असतात. वाटीभर वरणात डाळ जेमतेम २५-३० ग्रॅम, म्हणजे प्रथिनं सहाच्या आसपास. वाटी शंभर ग्रॅमची धरून कोणी २२ लिहिलं, की तक्ता भरलेला दिसतो आणि रुग्णाला प्रथिनं कमीच पडत राहतात.

म्हणून कॉलेज निवडताना इमारत पाहू नका, इंटर्नशिपचं विचारा. कोणतं रुग्णालय, किती आठवडे, आयसीयू आणि किडनी वॉर्डात राउंडला नेतात की नुसती ताटं तपासायला ठेवतात? (ताटं तपासणंही हलकं काम नव्हे, मधुमेहीच्या ताटात शिरा गेलेला तिथेच पकडला जातो.) आरडीला कोणती पदवी आणि किती इंटर्नशिप चालते, ते एमएस्सीला प्रवेश घेण्याआधी असोसिएशनच्या नियमांत बघून घ्या. अभ्यासात जड जातं ते बायोकेमिस्ट्री; केमिस्ट्री नकोशीच असेल तर आत्ताच थांबलेलं बरं.

तोवर तिला स्वयंपाकघरातला वजनकाटा द्या. घरातल्या एकाने तीन दिवस काय काय खाल्लं, ते तेलाच्या चमच्यासकट आणि चहातल्या साखरेसकट लिहायला सांगा. त्यातला एक दिवस रविवार असू द्या.