सात हजार रुपये, चोवीस पानं आणि भिशीचा मोह

प्रश्न मानेवाड्याच्या एका ताईंचा आहे. मुलीचं लग्न जमलंय. मार्गशीर्षातल्या एका रविवारी मुलाकडचे चौदा जण पहिल्यांदा घरी जेवायला येणार, घरचे आणि काका-मावशी धरून एकूण २४ पानं. ताईंनी त्यासाठी ७,००० रुपये बाजूला काढलेत. केटररनं ताटाला ३८० रुपये सांगितले, पण ३० ताटांच्या खाली तो येत नाही. म्हणजे ११,४००. कमी पडणारे ४,४०० कुठून आणायचे, भिशी आत्ताच उचलायची की क्रेडिट कार्डावर भागवायचं, असं त्यांनी विचारलंय. घरी करायचं तर मेनूही लिहून पाठवलाय: पनीर बटर मसाला, मंचुरियन, पुलाव, रसमलाई, वरून आइस्क्रीम. यजमानांचं म्हणणं, पाहुणे आपल्या नागपुरात येऊन राहिले तर सावजी मटण पाहिजेच. घरचं उत्पन्न ३८,०००, महिन्याला शिल्लक जेमतेम ३,०००. लग्न पुढच्या तुळशीच्या लग्नानंतर.

ताई, आधी भिशीचं बोलू, कारण तुमचा कल तिकडे दिसतो. बारा जणींची भिशी, महिना २,०००, चार जणींनी उचललीय. शेवटपर्यंत थांबलात तर जुलैत पूर्ण २४,००० हातात येतात, आणि ते तुम्ही लग्नाच्या कपड्यांसाठी धरून ठेवलेत. आत्ता उचलायची तर बोलीत ३,५०० सोडावे लागतील, असं तुम्हीच लिहिलंय. ते पैसे बाराही जणींत वाटले जातात, म्हणून तुमच्या वाट्याचे २९० परत येतील, पण ३,२०० गेलेच. तुम्हाला हवेत फक्त ४,४००. उरलेले १६,१०० बँकेत सात महिने ठेवले आणि साडेसहा टक्के व्याज धरलं तरी सहाशेच सुटतात. म्हणजे ४,४०० रुपये वापरायला मिळावेत म्हणून २,६०० मोजायचे. मैत्रिणींमधली भिशी आहे, कोणी सावकार नाही, म्हणून हा आकडा डोळ्यांत खुपत नाही एवढंच.

कार्डाचं नाव काढलं की आपल्याकडे लोक दचकतात. पण या एका बाबतीत कार्ड भिशीपेक्षा स्वस्त पडतं. केटरर रोख मागतो, म्हणजे कार्डावरून रोकड काढावी लागेल. त्यावर बहुतेक कार्डांना ५०० च्या आसपास फी लागते, आणि खरेदीसारखी बिनव्याजी मुदत रोकडीला मिळत नाही, पहिल्या दिवसापासून महिना साडेतीन टक्क्यांच्या घरात व्याज चालू होतं. दर महिन्याला अठराशे फेडून तीन महिन्यांत मोकळं झालात तर फी, व्याज आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी मिळून हजाराच्या आत सुटाल. ‘किमान देय’ तेवढंच भरत बसलात तर मात्र हा हिशेब विसरा. तुमच्या शिल्लकीतून अठराशे निघतील, पण लग्नाचं वर्ष आहे, दर महिन्याला काही ना काही निघणार. दोन्हींपैकी एक घ्यायलाच लागलं असतं तर कार्ड घ्या म्हटलं असतं. पण माझ्या मते दोन्हींची गरज नाही.

केटररच्या आकड्याकडेही नीट बघा. तो ३० ताटांचे पैसे घेणार, जेवणारे २४. म्हणजे खऱ्या अर्थानं पान ४७५ रुपयांना पडतं. पक्कं बिल मागितलं तर त्यावर ५ टक्के जीएसटी.

आता तुमचा मेनू. तुम्ही लिहिलंय, ‘पदार्थ कमी केले तर बरं नाही दिसत, आणि जास्त केले तर परवडत नाही.’ हे मला पटलं नाही. खर्च पदार्थांच्या संख्येनं वाढत नाही, तुमच्या यादीतल्या तीनच पदार्थांनी वाढतोय. २४ पानांना पनीर दोन किलो तरी लागेल, ते ८०० च्या आसपास. बटर, काजू, क्रीम धरलं की एक भाजी साडेबाराशेला गेली. रसमलाई पानाला दोन, २५ रुपये नगानं १,२००. आइस्क्रीमचे कप ३० नं ७२०. तिन्ही मिळून ३,१७०. हा आकडा लक्षात ठेवा.

मटणाचं यजमानांना सांगा: माणशी दीडशे ग्रॅम धरलं तरी साडेतीन किलोच्या वर जातं, आणि किलोला आठशे धरले तर २,९०० रुपये नुसत्या मटणाचे. त्यात मार्गशीर्ष. पाहुण्यांकडे कोण गुरुवार करतं, कोण महिनाभर खात नाही, हे पहिल्या भेटीत आपल्याला ठाऊक नसतं, म्हणून शाकाहारी भाजी आणि वेगळी भांडीकुंडी करावीच लागेल. सावजीचा बेत लग्नानंतर, जावई एकटे येतील तेव्हा करा.

माझा मेनू असा. पहिल्यांदा गरम सांबारवडी, म्हणजे आपली कोथिंबिरीची वडी, सोबत वाटीत कढी. मग पोळी, वांगं-आलूची रस्सा भाजी, पातोडीचा (बेसनाच्या वड्यांचा) रस्सा, काकडी-मुळ्याची कोशिंबीर, जवसाची चटणी, ठेचा, पापड. त्यानंतर वडाभात, वरून हिंग आणि लाल मिरचीचं कडकडीत तेल, तीच कढी पुन्हा. गोडाला गाजराचा हलवा. शेवटी मठ्ठा, संत्र्याच्या फोडी, पान-सुपारी. मोजून बघा, केटररच्या ताटात एवढं नव्हतं.

सामानाचा अंदाज देतो. भाव थोडे इकडे-तिकडे होतील. अडीच-तीन किलो कणीक १२०. तांदूळ दीड-पावणेदोन किलो ११०, आणि बासमती नको. वडाभाताला मऊ, सुटसुटीत एचएमटी चांगला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी आपल्या छोट्याशा शेतात निवडून काढलेलं हे वाण, मुलाकडच्यांना सांगायलाही चांगली गोष्ट आहे. वड्यासाठी मिसळीच्या डाळी १००. बेसन दीड किलो १६०. वांगी, आलू, सांबार, काकडी, मुळा, मिरच्या, लिंबं, आलं-लसूण मिळून ६००. दूध आणत असाल त्यातच दही घरी विरजा, कढी-मठ्ठा-हलव्याचं मिळून दूध ३५०. तेल अडीच लिटर, ४५०. इथे हात आखडू नका, तर्री नसलेला पातोडीचा रस्सा पाहुण्यांपुढे ठेवता येत नाही. तूप अर्धा किलो ३३०. गाजर-साखर २००, संत्री २००, पापड आणि पान-सुपारी २००. राहिला मसाला. खसखशीचा भाव ऐकून माणूस दुकानातून परत फिरतो, आणि सुकं खोबरंही महाग झालंय. सांबारवडीच्या सारणात चिमूटभर खसखस दिसण्यापुरती घाला, रश्श्याच्या वाटणाला तीळ आणि फल्लीदाणे (शेंगदाणे) भाजून घ्या, खोबरं पाव किलोवर भागवा. मसाल्याचं सगळं मिळून ३५०.

बेरीज ३,१७०. पनीर, रसमलाई आणि आइस्क्रीम मिळून जेवढे होत होते, तेवढ्यातच संपूर्ण पंगत.

पुरणपोळी का नाही, असं सासूबाई विचारतील. पुरणाची डाळ-गूळ स्वस्तच आहे, पण आपल्याकडे पुरणपोळीसोबत तुपाची वाटी द्यावी लागते, आणि २४ वाट्या भरल्या की किलो-दीड किलो तूप गेलं. शिवाय ती तव्यावरून थेट पानात पडायला हवी. हलवा आदल्या दिवशी होतो.

आता मुद्द्याची गोष्ट. या बेतात सामान स्वस्त आहे आणि कष्ट महाग आहेत. सांबार निवडणं, धुऊन पंख्याखाली कोरडं करणं (ओलं राहिलं तर वडी तेलात फुटते), पातोड्या थापणं, ८० पोळ्या. हे सगळं तुम्ही आणि मुलगी करणार असाल तर पाहुणे आले तेव्हा तुम्ही घामानं डबडबलेल्या असाल आणि जिला बघायला लोक आलेत ती ओट्यापाशी. म्हणून वाचलेले पैसे मेनूत घालू नका, माणसांवर घाला. पोळ्या आणि तळणाला स्वयंपाकाच्या एक मावशी, भांडी आणि वाढायला मदतीला आणखी एक जण, दोघींचे मिळून १,५०० धरा. बिछायत केंद्रातून दोन मोठी पातेली, परात, झारे आणि ताटं भाड्यानं आणा, ४०० पुरतात. दोन पंगती केल्या तर ताटं १२-१५ आणली तरी चालतं. मावशींना पोळ्या गरम वाढता येतील, आणि दोन खोल्यांत २४ माणसं कोंबावी लागणार नाहीत.

गॅसची काळजी तुम्ही लिहिलीय. १४.२ किलोच्या सिलिंडरमधून एवढ्या स्वयंपाकाला दीड किलोच्या आसपास जाईल, १०० रुपये समजा. अडचण गॅसची नाही, शेगडीची आहे. दोन बर्नरवर हे जमणार नाही. शेजारच्या काकूंची शेगडी आणि सिलिंडर एका दिवसासाठी मागून घ्या, निघताना हलव्याचा डबा द्या.

सामान ३,१७०, गॅस १००, भाववाढीला ३३०, मदतीला १,५००, बिछायत ४००. एकूण ५,५००, म्हणजे पान २३० रुपयांच्या आत. उरले १,५००. त्यातला एक खर्च तुमच्या पत्रात कुठेच नाही: ओटी. मुलाकडच्या बायका पहिल्यांदा घरी येतायत. पाच जणी धरल्या तर नारळ, खण आणि हळद-कुंकू मिळून सहाशेपर्यंत जाईल. बाकीचे नऊशे ऑटो, ऐनवेळची धावपळ आणि न सांगता आलेल्या दोन-तीन पाहुण्यांसाठी राहू द्या.

खरेदीत एक मोह टाळा. कुणीतरी सांगेल, कळमन्याच्या घाऊक बाजारातून आणा, निम्म्यात पडतं. तिथे माल कट्ट्यानं आणि क्रेटनं उचलावा लागतो, २४ पानांना तो नको, आणि मानेवाड्याहून ऑटोचं भाडं वाचलेले पैसे खाऊन टाकतं. किराणा आठवडाभर आधी इतवारीतून, कॉटन मार्केटला शनिवारी सकाळी एकच फेरी, बस. सांबार मात्र जुडी उचलून, हुंगून घ्या. थंडीत भरपूर येतो, पण पाणी मारून वजन वाढवलेलाही येतो.

घरी नकोच, असं मी कधी म्हटलं असतं? पानं ४० च्या वर गेली असती, किंवा तुम्हाला कंबरेचा त्रास आहे असं लिहिलं असतं, तर केटररच. तसं काही नसेल तर घरच्या जेवणाचा एक फायदा पत्रात नसलेल्या हिशेबातही आहे. या रविवारनंतर साखरपुडा आहे, मग देणं-घेणं, मग लग्न. पहिल्या बैठकीत रसमलाई आणि आइस्क्रीम ठेवलं की पुढच्या प्रत्येक कार्यक्रमात समोरचे तेवढं धरून चालतात, आणि त्यात त्यांची काही चूक नसते. तुम्ही सांबारवडी आणि वडाभातानं सुरुवात केलीत तर साखरपुड्याला काय ठेवायचं हे तुमच्या हातात राहतं. ३८,००० च्या घरात हे या ४,४०० पेक्षा कितीतरी मोठं आहे.

शेवटी त्या ५०० रुपयांच्या विसाराचं. केटररला ते दिलेत म्हणून तुम्हाला मागे फिरायला अवघड वाटतंय. त्याला बुधवारपर्यंत फोन करा आणि सरळ विचारा: जेवण रद्द, पण या पैशांत रविवारी दुपारी साडेबाराला गरम पोळ्या पाठवाल का? आठ रुपये नगानं साठेक पोळ्या होतात. तो हो म्हणाला तर मावशींचं निम्मं काम कमी होईल आणि त्या सांबारवडी तळायला मोकळ्या राहतील. नाही म्हणाला तर ५०० गेले. भिशीच्या ग्रुपवर मात्र आजच कळवून टाका की या महिन्यात तुमची बोली नाही.