छेद सापडला, अंशाचं काय?

प्रश्न : ताई, जुलै २०२० मध्ये पालिकेची माणसं दहिसरला आमच्या वस्तीत येऊन रक्त घेऊन गेली. तेव्हा पेपरात मुंबईचा कोरोना मृत्युदर पाच टक्क्यांच्या वर छापून येत होता. महिनाअखेरीस सर्वेक्षणाचा निकाल लागला आणि तोच दर हजारात एक किंवा त्याहूनही कमी झाला. माझे काका त्याच वर्षी मे महिन्यात धाप लागून घरीच गेले, तपासणी झालीच नाही. एवढा फरक कसा? खरा आकडा कोणता?
– एक वाचक, दहिसर

उत्तर : मृत्युदर म्हणजे एक अपूर्णांक : वर अंशात मेलेले, खाली छेदात लागण झालेले. पाच टक्के काढताना छेदात कोण होतं ते आधी बघा. नाकात काडी घालून पॉझिटिव्ह ठरलेले, तेवढेच. दोन दिवस ताप येऊन गेलेला किंवा काहीच न झालेला माणूस त्यात यायचाच नाही. पालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांच्या सर्वेक्षणानं तो माणूस शोधला. दहिसरचा आर उत्तर, चेंबूरचा एम पश्चिम, माटुंग्याचा एफ उत्तर असे तीन वॉर्ड, ६,९३६ नमुने. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांच्या रक्तात अँटिबॉडी, म्हणजे लागण होऊन गेल्याची खूण, निघाल्या, इमारतींत १६ टक्के. छेद एवढा वाढला की दर ०.०५ ते ०.१० टक्क्यांवर उतरला.

मी तेव्हा एका खासगी लॅबमध्ये हीच तपासणी करायचे. पिवळ्या टोपणाची नळी अर्धा तास उभी ठेवायची, रक्त गोठलं की सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची. ताकावर निवळी यावी तसं पिवळसर सीरम वर येतं. यंत्र त्याचा एक आकडा देतं, आमच्याकडे १.४ ला रेघ होती, वर गेलात की पॉझिटिव्ह. एका सोसायटीचे सेक्रेटरी १.४२ आले. त्यांनी पेढे वाटले, आणि मास्क त्याच संध्याकाळी हनुवटीवर! मला काही ते पटेना. तोच नमुना पुन्हा लावला, तर १.३६.

असे काठावरचे दोन-चार जण तुमच्या वस्तीचा हिशेब बिघडवत नाहीत. शंभरात ५७ निघतायत तिथे एखादा खोटा आला तर आला. साथ फार पसरलेली नसेल तेव्हा मात्र हाच एखादा महागात पडतो. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीत एप्रिल २०२० मध्ये ३,३३० जणांचं रक्त तपासलं, पॉझिटिव्ह ५०. आता लागण न झालेल्या शंभर जणांत एकाचाही निकाल चुकला, तर त्या पन्नासातले तेहेतीस खोटे. दोनशेत एक चुकला, तरी सोळा-सतरा. छेद नुसता कागदावर फुगतो आणि विषाणू आहे त्याहून गरीब दिसायला लागतो. त्यात लोक बोलावलेले फेसबुकवरच्या जाहिरातीतून. मार्चमध्ये ज्याला खोकला झाला होता, तो आधी धावणार की नाही?

तुमच्या वॉर्डात मला छेदाची काळजी नाही, अंशाची आहे. वर धरले ते नोंदलेले मृत्यू. मुंबईत २०२० साली २०१९ पेक्षा सुमारे वीस हजार मृत्यू जास्त झाले. कोरोनाच्या खात्यावर लागले अकरा हजारांच्या आसपास. मधले सगळे कोरोनाचेच, असं मी म्हणणार नाही. लॉकडाऊनमध्ये डायलिसिस चुकलेलेही त्यात असतील. पण अंश थोडा जरी वाढला तरी ‘हजारात एक’ टिकत नाही. शिवाय वस्तीत तरुण जास्त, आणि हा आजार वयाप्रमाणे कैक पटींनी जड होत जातो. तो सरासरी आकडा घरातल्या आजीला लावू नका.

काकांच्या वेळी डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणाचा कागद दिला असेल, तो घरात असला तर काढून बघा. तपासणी झाली नव्हती, तेव्हा हृदयविकार किंवा न्यूमोनिया एवढंच लिहिलेलं असण्याची शक्यता जास्त. तसं असेल तर तुमच्या वस्तीतली रक्तं छेदात मोजली गेली आणि काका अंशात आलेच नाहीत.