ग्रुपमध्ये न रमणारी लेखिका

प्रश्न : ताई, मी सरकारी नोकरीत लेखा विभागात आहे. पहाटे उठून लिहिते, मग डबा, मग ऑफिस. दिवाळी अंकांतून कथा येतात, आता पहिली कादंबरी येतेय. प्रकाशक म्हणतात, फेसबुकवर पान उघडा, इन्स्टाग्रामवर रील टाका, साहित्याच्या ग्रुपवर रोज दिसत राहा, लोक ओळखतील तरच पुस्तक घेतील. कुणीतरी मला दोन ग्रुपमध्ये घेतलंही आहे. तिथे सकाळची फुलं, वाढदिवस, प्रत्येक कवितेखाली ‘अप्रतिम’. गप्प राहिलं तर गर्विष्ठ ठरते. बोललं तर दिवसभर तेच डोक्यात घोळतं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे माझी पात्रं बोलेनाशी होतात. भाची म्हणते, ‘मावशी, तुझ्या नावानं मीच सगळं सांभाळते.’ तिला हो म्हणू का?
— एक कथालेखिका, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : भाचीला नाही म्हणा, आणि लवकर म्हणा. मुलगी मायेनं म्हणतेय, तेव्हा जपून सांगा. पण वाचक तुमच्या नायिकेबद्दल दोन ओळी लिहितो, तेव्हा तो तुमच्याशी बोलत असतो. त्याला तुमच्या नावानं दुसऱ्याच कुणी उत्तर देणं ही फसवणूक आहे, उत्तर कितीही गोड असलं तरी. भाचीनं स्वतःच्या नावानं ‘माझ्या मावशीची कादंबरी आली’ असं लिहावं, मुखपृष्ठ टाकावं, पुस्तक कुठे मिळेल ते सांगावं. त्यात काहीच गैर नाही.

प्रकाशकांचं म्हणणं मात्र उडवून लावू नका. आपल्याकडे अशा वेळी लोक जी. ए. कुलकर्णींचं नाव घेतात. ते धारवाडला राहिले, सभा-संमेलनांपासून लांब राहिले, तरी मराठी कथेतली त्यांची जागा पक्की आहे. खरं आहे. पण त्यांच्या काळी ‘सत्यकथा’ हे मासिक होतं. चांगली कथा कोण लिहितंय हे शोधत वाचकाला हिंडावं लागत नव्हतं. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडली. आज नव्या लेखिकेचं नाव वाचकापर्यंत नेणारं तसं मासिक नाही आणि पाचशे प्रतींचे गठ्ठेही गोदामात पडून राहिलेले मी पाहिले आहेत. तुमच्या प्रकाशकांची धास्ती खरी आहे.

जी. एं.बद्दलची दुसरी गोष्ट लोक विसरतात. ते पत्रं भरभरून लिहीत. त्यांच्या निवडक पत्रांचे खंड निघाले आहेत. एका वेळी एकाच माणसाशी, सावकाश, हवं तेवढं. तुमचाही पिंड तसाच दिसतो. मला तुम्ही चार पानं लिहिलीत (इथे छापताना मला ती कापावी लागली, वाईट वाटलं). माणसं नकोशी असलेली बाई चार पानं लिहीत नाही. तुम्हाला गर्दीत बोलणं नकोय, एवढंच.

म्हणून कामं वाटून घ्या. पुस्तक आलंय हे गावभर सांगणं प्रकाशकांकडे आणि भाचीकडे. लिहिणाऱ्या वाचकाला उत्तर देणं तुमच्याकडे, आणि ते फक्त तुमच्याकडे. मी एका दिवाळी अंकाचा कथाविभाग बरीच वर्षं सांभाळला. दिवाळी उलटली की आर्वीहून, वणीहून, दर्यापूरहून पोस्टकार्डं यायची. आम्ही ती लेखकांना धाडायचो. काही लेखक उत्तर द्यायचे, बरेचसे देत नसत. उत्तर मिळालेली माणसं पुढच्या वर्षी अंक घेण्याआधी विचारायची, यंदा त्यांची कथा आहे ना? त्यातला एखादा लेखक कधी व्यासपीठावर चढलेला नव्हता. त्याचं पुस्तक आलं तेव्हा आधी याच माणसांनी मागवलं.

तेव्हा कादंबरीच्या शेवटच्या पानावर एक ईमेल पत्ता छापा, फक्त वाचकांसाठी काढलेला. टपालासाठी प्रकाशकांचा पत्ता द्या, घरचा नको. उत्तरांना रविवारची दुपार ठेवा. पहाटेच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत राहू द्या, याबाबत मी अजिबात ऐकून घेणार नाही.

त्या दोन्ही ग्रुपमधून निघा. ‘लेखनाच्या कामामुळे इथे वेळ देता येत नाही, राग नसावा’ एवढं लिहून निघा. त्याऐवजी व्हॉट्सअॅपवर ब्रॉडकास्ट यादी करा. ज्यांनी तुमचा नंबर जतन केला आहे त्यांनाच तो निरोप जातो, आणि कुणी उत्तर दिलं तर ते एकट्या तुम्हालाच दिसतं. नव्या कथेची बातमी द्यायला तेवढं पुरतं.

आणि वाचनालयं. आपल्या राज्यात १९६७च्या कायद्यानं मान्यता मिळालेली ‘अ’ ते ‘ड’ वर्गाची ग्रंथालयं गावोगाव आहेत. ग्रंथपालाला पुस्तकासोबत हातानं लिहिलेली चिठ्ठी पाठवा. दहा-पंधरा वाचक जमवून बोलावलं तर जा, तिथे गर्दी नसते आणि समोर बसलेल्यांनी पुस्तक वाचलेलं असतं. विदर्भ साहित्य संघ तर तुमच्या हाताशी आहे. १९२३ची संस्था, सुभाषनगरहून मेट्रोत बसलात की थेट झाशी राणी चौक. एखाद्या संध्याकाळी मागच्या रांगेत बसून या. बोलायलाच हवं असं नाही.

प्रकाशकांना हे सगळं पत्रानं कळवा, काय करणार आहात ते आधी आणि काय करणार नाही ते नंतर. शेवटच्या पानाचं प्रूफ स्वतः मागून घ्या आणि ईमेलचा पत्ता एकेक अक्षर तपासा. छापून आलेला चुकीचा पत्ता मग दुरुस्त होत नाही.