खुर्ची न्यायची, मुलाला उचलायचं नाही

‘ताई, आमचा मुलगा नऊ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी आहे. वॉकर धरून थोडं चालतो, शाळेत व्हीलचेअर वापरतो. नाताळच्या सुटीत सासू-सासरे येताहेत, सगळ्यांनी मिळून ऑरलँडोला डिस्नी वर्ल्डला जायचं ठरलंय. ह्यांचं म्हणणं, खुर्ची नेली की लोक बघत राहतात, फोटोतही तीच दिसते. त्यापेक्षा मी घेईन त्याला कडेवर, असं हे म्हणतात. तिकिटं किती दिवसांची काढावीत? रांगेतून सुटका करणारा पास मिळेल का? आणि सासूबाईंच्या गुडघ्यांचं काय?’

तीन प्रश्न विचारलेस आणि मुख्य गोष्ट मध्येच एका वाक्यात सांगून मोकळी झालीस. ‘मी घेईन त्याला कडेवर.’ अगं, नऊ वर्षांच्या मुलाला?

तुझी दमणूक कळते मला. पाहुणे, सुटीचा खर्च आणि त्यात मुलाची काळजी. पण शाळेत चालणारी खुर्ची आजी-आजोबांसमोर का चालत नाही, हे एकदा नवऱ्याला विचार. इथे अमेरिकेत लोक क्षणभर बघतात आणि आपल्या वाटेने जातात. तुमची खरी धास्ती आहे ती फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्यावर काकू-आत्या काय विचारतील याची. विचारू देत. मुलगा कसा आहे ते त्यांना कधीतरी कळायलाच हवं.

माझ्या भाच्याला स्पायना बिफिडा, म्हणजे पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष आहे. माझे मेहुणेही असेच, उचलण्यात पुढे. पार्कात बाबांच्या खांद्यावर असताना तो दिवसभर मागे पडलेल्या गोष्टीच बघत होता. पुढच्या खेपेला बहिणीने हट्टाने त्याची खुर्ची नेली. पोरगा स्वतः चाकं फिरवत सुसाट पुढे, आणि आम्ही सगळे त्याच्या मागे धावतोय. कुठे वळायचं ते तो ठरवत होता. तुझ्या मुलाला कुठल्या राइडमध्ये बसायचंय, हे तुझ्या एवढ्या लांब पत्रात कुठेच नाही, ते का बरं?

आता कामाचं. डिस्नीच्या प्रत्येक राइडच्या माहितीत व्हीलचेअरबद्दल लिहिलेलं असतं. काही राइड्समध्ये खुर्चीतच बसून राहता येतं. डिस्नी वर्ल्डच्या मॅजिक किंगडम या पार्कातली जंगल क्रूझ आणि अलादीनचे उडते गालिचे त्यातलेच. डंबोसारख्या राइड्सना खुर्चीतून उठून सीटवर बसावं लागतं. पीटर पॅनला सरकत्या पट्ट्यावरून चालत जाऊन बसावं लागतं, म्हणून तिथे चालता यायलाच हवं. ही यादी घरी मुलासोबत बसून वाचा आणि त्यालाच खुणा करू दे.

आणि हे नीट ऐक: तिथले कर्मचारी मुलाला उचलून बसवत नाहीत, तशी त्यांना परवानगीच नसते. म्हणून सराव आजपासून. गाडीत बसवताना रोज उचलता ना, ते थांबवा. खुर्ची सीटला लागून जरा तिरकी लावा, ब्रेक लावा, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला करा, त्याचे तळवे जमिनीला टेकले की त्याला सीटवर हात रोवून सरकू दे. त्याच्या फिजिओथेरपिस्टला हे आधी दाखवून घ्या, त्याच्या अंगाला काय झेपतं ते तेच सांगतील. वेळ लागेल, तुझा हात आपोआप पुढे जाईल. माझा गेला होता, तेव्हा भाचा म्हणाला, ‘मावशी, तू फक्त दार धर.’

पासचं म्हणशील, तर २०२४ पासून तो मुख्यतः ऑटिझमसारख्या अडचणींमुळे नेहमीच्या रांगेत फार वेळ थांबू न शकणाऱ्यांसाठी आहे. नुसतं चालता येत नाही म्हणून मिळत नाही, कारण बहुतेक रांगांमधून खुर्ची जाते. म्हणजे नाताळच्या गर्दीत तुम्ही रांगेत तासभर उभे, आणि मुलगा बाबांच्या कडेवर! नवऱ्याची पाठ भरेलच, पण तितका वेळ लोंबकळून मुलाचेही पाय आखडतील. शिवाय पार्कच्या दारात भाड्याने मिळणारी खुर्ची त्याच्या मापाची नसेल, म्हणून त्याचीच न्या. इथल्या विमान कंपन्या मुलाची व्हीलचेअर नेण्याचे पैसे घेत नाहीत, तेव्हा तेही निमित्त नको.

पुढच्या एखाद्या सुटीत टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोचं मॉर्गन्स वंडरलँड बघा. २०१० साली सुरू झालं, अपंग मुलांच्या सोयीनेच बांधलेलं, आणि त्यांना प्रवेश मोफत. शेजारच्या वॉटर पार्कमध्ये दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या, भिजल्या तरी बिघडत नाहीत अशा खुर्च्या आहेत.

सासूबाईंसाठी मात्र दारातलीच खुर्ची भाड्याने घे. आधी नको म्हणतील, नातू ऐटीत बसलेला दिसला की बसतील. तिकिटांचं नवऱ्याला बघू दे, त्याचे हात आता मोकळेच असणार आहेत.