वहीतलं 'किरकोळ ६,४००'

प्रश्न: ताई, मी सातारा एमआयडीसीत नोकरीला आहे. वय ३६. हातात ३१ हजार येतात, बायको ब्लाउज शिवून महिन्याला तीनेक हजार मिळवते. भाड्याने गोडोलीत राहतो, मुलगी चौथीत आहे. घरच्या आजारपणात तीन लाखांचं पर्सनल लोन काढलं. व्याज १४ टक्के, मुदत चार वर्षं, हप्ता ८,१९८. त्यातले १४ हप्ते गेले. शिवाय क्रेडिट कार्डावर ६० हजार थकलेत, महिन्याला कसेबसे तीन हजार भरतो. मेहुण्याकडून ४० हजार हातउसने घेतलेत, त्यातला रुपयाही परत दिलेला नाही. गेल्या भाऊबीजेला तो घरी आला तेव्हा मी कामाचं निमित्त काढून बाहेर पडलो. एप्रिलपासून खर्च वहीत लिहायला लागलो. पहिले दोन महिने जोर होता, बाहेरचा चहासुद्धा बंद केला होता. आता वही उघडावीशी वाटत नाही. आकडा हलतच नाही, मग कशाला जिवाला त्रास, असं वाटतं आणि हात सुटतो. कार्डाचं घरी सांगितलेलं नाही. उमेद टिकवायची कशी? वहीच्या पानांची झेरॉक्स सोबत जोडली आहे.
— एक वाचक, सातारा

उत्तर: झेरॉक्स पाठवलीत हे फार बरं केलंत. पत्रापेक्षा वहीच जास्त बोलली. एप्रिलच्या पानावर 'कोथिंबीर १०', 'सायकल पंक्चर ४०' असं सगळं सुवाच्य अक्षरात आहे आणि तळाला 'किरकोळ ३१०'. मे महिन्यात कोथिंबीर गायब. जूनमध्ये अक्षर बिघडलं. जुलैच्या पानावर किराणा, दूध, पेट्रोल, शाळा आणि त्याखाली एकच ओळ: 'किरकोळ ६,४००'.

मी सांगलीत एका पतसंस्थेत ३१ वर्षं काढली, त्यातली निम्मी कर्जाच्या टेबलावर. तेवढ्या अनुभवावर सांगते, तुमची उमेद गेलेली नाही, तुम्ही वहीला कंटाळलात. दहा रुपयांची कोथिंबीर रोज लिहायची म्हटलं तर कोणीही कंटाळेल. मग माणूस लिहिणं सोडतो आणि लिहिणं सुटलं की खर्चाचा धरबंदही सुटतो. म्हणून कोथिंबीर लिहूच नका. भाजी, दूध, किराणा, पेट्रोल यांचा सरासरी आकडा तुमच्याच पानांवरून निघतो आणि तो फारसा हलत नाही. हलतं ते किरकोळ. लिहायचं असेल तर तेवढंच लिहा.

आता आकडा हलत नाही म्हणता, त्याबद्दल. माझं घर गावभागात आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाशी ५७ फुटांवर गेलं, आणि तिथे धोक्याची पातळी आहे ४५. आम्ही विश्रामबागेत नणंदेकडे जाऊन राहिलो होतो. पाणी चढायचं थांबलं तरी घरी जाता येईना. तासातासाला कोणी ना कोणी विचारायचं, "किती उतरलं?" उत्तर यायचं, "दोन इंच." ते दोन इंच ऐकून माणसं चहा टाकायची. दारातलं पाणी जिथल्या तिथे होतं, पण पुलावरचा आकडा उतरत होता आणि तो आम्हाला कळत होता. तुम्ही मात्र पुलाकडे पाहतच नाही, नुसते दारातल्या पाण्याकडे पाहत बसलात.

तुम्ही नजर ठेवता ती हप्त्यावर. हप्ता पहिल्या महिन्यात ८,१९८ होता आणि शेवटच्या महिन्यातही तेवढाच असणार. तो कसा हलेल? मुद्दल बघा. पहिल्या हप्त्यातले ३,५०० व्याजात गेले आणि ४,६९८ मुद्दलात. येत्या पंधराव्या हप्त्यातले साधारण ५,५२६ मुद्दलात जातील. हप्ता तोच, पण आता तो जास्त काम करतोय. चौदा हप्त्यांत तुम्ही १,१४,७७२ रुपये भरलेत आणि मुद्दल सुमारे ७१ हजारांनी उतरून २,२९,०००वर आलंय. बँकेकडून कर्जाचा तक्ता मागून घ्या, ॲपवरही मिळतो. त्यातला मुद्दलाचा आकडा दर महिन्याला कॅलेंडरवर लिहा. कपाटाच्या आत लिहू नका, स्वयंपाकघरात लिहा.

पण कॅलेंडर स्वयंपाकघरात लावायचं तर घरी सांगावं लागेल, त्याकडे मी येतेच. आधी कार्ड.

साठ हजारांवर महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज झालं २,१००. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३७८. एकूण २,४७८. तुम्ही भरता तीन हजार. म्हणजे मुद्दलात जातात ५२२ रुपये! इथे मात्र तुमचं म्हणणं खरं, हा आकडा हलत नाही. आणि वर त्याच कार्डावर तुम्ही पेट्रोल भरता. मागचं पूर्ण बिल चुकतं नसेल तर नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, त्या दिवसापासूनच व्याज सुरू होतं. पेट्रोलवर कॅशबॅक मिळतो म्हणून तुम्ही वहीत टीप लिहिली आहे. ती वाचून मला हसू आलं, माफ करा.

कार्डाच्या बँकेला फोन करून थकलेली रक्कम हप्त्यांत बदलून मागा. बहुतेक बँका देतात आणि त्याचा दर कार्डाच्या नेहमीच्या व्याजापेक्षा कमी असतो. प्रक्रिया शुल्क किती ते आधी विचारा. समजा वर्षाला १८ टक्क्यांनी बारा हप्ते करून मिळाले, तर हप्ता साधारण ५,५०० बसेल, वर सुरुवातीला जीएसटीचे दीडशेक रुपये. आज तीन हजार भरताय, म्हणजे आणखी २,६५०ची सोय करायची. ती कुठून होईल ते तुमच्याच जुलैच्या पानावर लिहिलेलं आहे. किरकोळ ६,४००वरून ३,६००वर आणलं की २,८०० सुटतात.

सोनं गहाण ठेवून कार्ड फेडावं का, असं तुम्ही समासात पेन्सिलीने विचारलंय. हिशेबाने ते चुकीचं नाही, सोन्यावरचं व्याज कार्डाच्या पासंगालाही पुरत नाही. पण माझ्या टेबलासमोर अशी किती तरी माणसं बसलेली मी पाहिलीत, ज्यांनी पाटल्या ठेवून कार्ड मोकळं केलं आणि वर्षाच्या आत कार्ड पुन्हा भरलं. पाटल्या आत आणि कार्डही डोक्यावर. हप्त्यांची सोय झालीच नाही, तरच तो विचार करा. तोही कार्ड कात्रीने कापल्यावर, आणि पाटल्या ज्यांच्या आहेत त्या स्वतःहून हो म्हणाल्या तर.

आता किरकोळ आवरायचं कसं? मनाचा निग्रह वगैरे मी सांगणार नाही. आमच्याकडे शिवाजी मंडईतली एक भाजीवाली बाई होती. वीस हजारांचं कर्ज, रोज १२० रुपये पिग्मी, म्हणजे आमचा एजंट रोज तिच्याकडे जाऊन तेवढे पैसे घेऊन यायचा. (पिग्मी ही मूळची शेजारच्या कर्नाटकातली, १९२८मध्ये सिंडिकेट बँकेने सुरू केलेली. आपल्याकडे ती इतकी रुजली की आपलीच वाटते.) पाऊस असो, सण असो, एक दिवस तिचा चुकला नाही. आमच्या साहेबांनी एकदा सगळ्यांसमोर तिच्या शिस्तीचं कौतुक केलं, तर एजंटाकडे बोट दाखवून म्हणाली, "कसली शिस्त साहेब, ह्यो रोज साडेसहाला पुढ्यात हुबा ऱ्हातोय. ह्यो आला नसता तर पैसं उरलं असतं व्हय?" एवढ्या वर्षांत वसुलीबद्दल याहून खरं वाक्य मी ऐकलं नाही. नियमित फेडणारी माणसं तुमच्या-माझ्यासारखीच असतात, फक्त पैसा हाताला लागायच्या आत निघून जाईल अशी सोय त्यांनी केलेली असते.

तुमचा पगार ७ तारखेला होतो आणि लोनचा हप्ता २० तारखेला जातो. मधले तेरा दिवस खात्यात पैसा दिसतो आणि आपण श्रीमंत आहोत असं वाटतं. बँकेत अर्ज देऊन हप्त्याची तारीख ९-१० करून मिळते का बघा. नाही झालं तर पगाराच्या दुसऱ्याच दिवशी ८,१९८ वेगळ्या खात्यात टाका आणि त्या खात्यातून हप्ता जाऊ द्या. फोनवरचं यूपीआय पगाराच्या खात्यावरून काढा. ते एका तिसऱ्या, रिकाम्या खात्याला जोडा आणि दर सोमवारी त्यात ९०० रुपये टाका. चहा, वडापाव, मित्राचा वाढदिवस, मुलीचं चॉकलेट, सगळं त्यातच. गुरुवारी संपले तर गुरुवारी संपले. बाहेरचा चहा मात्र बंद करू नका. तो तुम्ही एप्रिलमध्ये बंद केलात आणि जूनमध्ये त्याचा वचपा काढलात, १८ तारखेला एका संध्याकाळी हॉटेलात १,१५० रुपये. ती नोंद तुम्ही खोडलीत, पण झेरॉक्समध्ये दिसते.

नातेवाइकांकडे जाताना कंदी पेढे न्यायचे की नाही, असंही विचारलंय. न्या हो. सातारचा माणूस पेढ्यांशिवाय गेला तर लोक तब्येत विचारतील. अर्ध्या किलोचा पुडा पाव किलोचा करा, एवढंच.

हे सगळं मी फार शहाणपणाने लिहितेय असं वाटेल, म्हणून माझंही सांगते. पूर ओसरल्यावर घरात फ्रिज, गाद्या, कपाटं काही उरलं नव्हतं. ऑक्टोबरात मी दोन लाखांचं कर्ज काढलं. तेही स्वतःच्या संस्थेतून नाही, लाजेने दुसऱ्या बँकेतून. दुसऱ्यांना हप्त्यांवर भाषण देणारी मी! चार महिने अगदी काटेकोर गेले. फेब्रुवारीत पुतण्याचं लग्न निघालं आणि मी ११ हजारांची साडी घेतली. दुकानात मनात आलेलं वाक्य अजून आठवतं, 'दोन लाख आहेतच, त्यात अकरा हजारांनी काय होतंय.' साडी ह्यांच्यापासून तीन आठवडे लपवली. लग्नातच ती पहिल्यांदा बघून ह्यांनी विचारलं, "उसनी आणलीस?" मी हो म्हणाले. त्या एका 'हो'चं ओझं मला हप्त्यापेक्षा जड झालं. शेवटी एप्रिलमध्ये, सगळेच घरात कोंडलेलो असताना, सांगून टाकलं. ह्यांनी दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच कागद-पेन घेऊन बसले. पुढचे हप्ते आम्ही दोघांनी मिळून मोजले, म्हणून ते संपले.

तेव्हा घरी सांगा. पगाराच्या दिवशी नको, रात्री झोपताना तर नकोच. रविवारी सकाळी, मुलगी खेळायला गेली असताना, कार्डाचं बिल समोर ठेवून सांगा. आकडा पूर्ण सांगा, साठ म्हणजे साठ. पन्नास सांगून दहा लपवलेत तर पुन्हा तिथेच याल. त्या रागावतील, तो त्यांचा हक्क आहे. पण घरखर्चाची ओढाताण त्यांना आजही कळत असणारच, फक्त कारण ठाऊक नाही. शिलाईचे दर त्यांनी कधीपासून वाढवलेले नाहीत, हेही त्याच वेळी विचारून बघा.

राहिला मेहुणा. तुमची २४ हजारांची भिशी दिवाळीत लागणार असं वहीच्या शेवटच्या पानावर आहे. हिशेबवाले म्हणतील, बिनव्याजी उसने राहू द्या, सगळी भिशी कार्डात घाला. मी तसं म्हणणार नाही. ज्या चाळीस हजारांवर पैशाचंही व्याज नाही, त्यांनीच तुम्हाला भाऊबीजेला घराबाहेर काढलं. भिशीतले दहा हजार मेहुण्याला द्या आणि बाकीचे कधी द्याल ते तारखेसकट सांगा. उरलेले १४ हजार बाजूला ठेवा, कुठेही भरू नका. गाडीचं टायर फुटलं, मुलीला ताप आला, तर तेव्हा कार्डाकडे हात जाऊ नये म्हणून.

यंदाच्या भाऊबीजेला घरीच थांबा.

प्रश्न: माझ्या मिस्टरांचं पर्सनल लोन पाच महिने थकलंय. वसुलीचे फोन रात्री नऊलाही येतात. आता बँक म्हणते, निम्मे भरा, सेटलमेंट करून टाकू. कंटाळा आलाय. करून टाकू का?
— एक वाचक, तासगाव

उत्तर: कंटाळा आला एवढ्याच कारणासाठी करू नका. सेटलमेंट केल्यावर सिबिलच्या अहवालात ते खातं 'क्लोज्ड' दिसत नाही, 'सेटल्ड' दिसतं आणि पुढे घराचं कर्ज मागायला गेलात की पहिलं बोट त्यावरच ठेवलं जातं. आधी बँकेत लेखी अर्ज देऊन मुदत वाढवून हप्ता कमी करून मागा. उत्पन्न खरोखरच बंद झालं असेल आणि दुसरा मार्गच नसेल तर सेटलमेंट करा, पण रकमेचं पत्र बँकेच्या लेटरहेडवर हातात पडल्याशिवाय एक रुपया देऊ नका. भरल्यावर 'काही येणे बाकी नाही' असा दाखला घ्या. अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो काढून नोंद बरोबर झाली का बघा.

फोनचं म्हणाल तर सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. नऊच्या फोनची तारीख, वेळ आणि नंबर लिहून ठेवा आणि बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, त्याला पैसे पडत नाहीत.