बाबांनी काढलेले लग्नाचे फोटो २००८ सालात कसे गेले?

प्रश्न: नमस्कार ताई, माझ्या लग्नात बाबांनी त्यांच्या डिजिटल कॅमेऱ्याने सहाशेएक फोटो काढले होते. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. आता कपाट आवरताना ते कार्ड सापडलं, लॅपटॉपवर घेतलं तर सगळ्या फोटोंवर जानेवारी २००८, कॅमेऱ्याची तारीख १ जानेवारी २००८ रात्री १२ पासून सुरू झालेली दिसते. लग्न तर १४ मे २०११ चं! फोटोंच्या अ‍ॅपमध्ये ते कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मिसळून बसलेत. एकेकाची तारीख बदलायला घेतली तर चाळीस फोटोंतच संध्याकाळ गेली. सगळ्यांची एकदम बदलता येते का? दोन फोटो सोबत पाठवलेत.
– एक वाचक, मिरज

उत्तर: ताई, येते, आणि चांगली येते. पण आधी एक काम करा, कार्डाच्या कडेला छोटी सरकपट्टी असते ती लॉकवर सरकवा म्हणजे त्यावर चुकून काही लिहिलं जाणार नाही, मग कार्डावरून सगळे फोटो नव्याने एका वेगळ्या फोल्डरला घ्या. ते हाताने बदललेले चाळीस सोडून द्या. मी माझ्या आजीचे फोटो दुरुस्त करताना कॉपी न ठेवता बसले होते आणि एक पूर्ण दिवाळी उलटसुलट झाली, ती आजतागायत धड लागलेली नाही, म्हणून हे इतक्या कळकळीने सांगतेय.

आता मुद्दा. बाबांच्या कॅमेऱ्याचं घड्याळ चुकीच्या वेळेवर सुरू झालं, पण सुरू झाल्यावर ते नीट चालत होतं. म्हणजे प्रत्येक फोटो सारख्याच अंतराने चुकलाय. तेव्हा सहाशे तारखा शोधायच्या नाहीत, एकच अंतर शोधायचं आणि सगळ्यांना तेवढंच पुढे सरकवायचं. विंडोजमध्ये सगळे सिलेक्ट करून प्रॉपर्टीजमधून 'डेट टेकन' टाकू नका, सगळ्यांना एकच तारीख लागते आणि हळद आधी की सीमंतपूजन आधी हा क्रमच जातो.

अंतर कसं काढायचं ते तुमच्याच फोटोत आहे. तुम्ही पाठवलेल्या दुसऱ्या फोटोत अंतरपाटाच्या वर कार्यालयाचं भिंतीवरचं घड्याळ दिसतंय, झूम करून बघा, १२:४० वाजलेत. त्याच फोटोच्या आतली तारीख मी बघितली, २ जानेवारी २००८, पहाटे ३:१०. खरी वेळ १४ मे २०११ दुपारी १२:४०. दोघांमधलं अंतर १२२८ दिवस, ९ तास, ३० मिनिटं. हे दिवसांतच मोजायचं, "तीन वर्षं चार महिने" असं नाही, कारण महिने लहानमोठे आणि मध्ये २००८ चं लीप वर्ष, त्यात एखादा दिवस हमखास हुकतो. आणि पत्रिकेतला मुहूर्त धरू नका, अक्षता नेमक्या त्याच मिनिटाला पडल्या असतील असं काही नाही, भिंतीवरचं घड्याळ जास्त भरवशाचं.

ताळा करून बघितला. पहिला फोटो हळदीचा, त्यावर १ जानेवारी २००८ सकाळी ९:२० आहे. त्यात अंतर मिळवलं की १३ मे २०११ संध्याकाळी ६:५० येतात, आणि फोटोत मांडवाबाहेर उजेड अगदी तसाच उतरलेला आहे. बरोबर बसलं. आणखी एक गोष्ट यातून कळली ती तुम्हाला सांगावीशी वाटते. घड्याळ १ जानेवारी रात्री बाराला सुरू झालं म्हणजे खऱ्या वेळेत १३ मेला सकाळी साडेनऊला. त्या सकाळी बाबांनी कॅमेऱ्यात चार्ज केलेली बॅटरी घातली असणार, स्क्रीनवर तारीख विचारली असणार आणि घरात एवढी गडबड, त्यांनी ओके दाबून टाकलं असणार. बरेच दिवस बॅटरी काढून ठेवली की आतला छोटा सेल उतरतो आणि कॅमेरा तारीख विसरतो.

प्रत्यक्ष सरकवायला डिजिकॅम नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या, विंडोजवर चालतं. त्यात तारीख-वेळ अ‍ॅडजस्ट करायचं टूल आहे आणि घड्याळाचा फोटो दाखवून अंतर काढून घ्यायची सोयसुद्धा आहे, म्हणजे आपण मघाशी केलं तेच ते करतं. ज्यांना काळ्या स्क्रीनवर कमांड द्यायची सवय आहे त्यांनी एक्सिफटूल वापरावं, फिल हार्वे यांनी ते २००३ पासून सांभाळलंय आणि बदल करताना मूळ फाइल शेजारी जपून ठेवतं.

एक खबरदारी मात्र घ्या. फोटो तारखेने नाही, नावाने लावून बघा. डीएससी पुढचा नंबर बहुतेक कॅमेऱ्यांत घड्याळ विसरलं तरी पुढेच चालू राहतो, त्यामुळे नंबर पुढे जाताना तारीख मध्येच परत १ जानेवारीवर आली असेल तर तिथे बॅटरी पुन्हा काढली होती असं समजा, तिथून पुढच्या फोटोंचं अंतर वेगळं काढावं लागेल. पूजेच्या दिवशीचे फोटो मुद्दाम तपासा. आणि मोबाइलचे व्हिडिओ याच फोल्डरला टाकणार असाल तर ते साडेपाच तास मागे दिसू शकतात, कारण त्यांच्या आत वेळ ग्रिनिचची लिहिलेली असते, त्यांना हे १२२८ दिवस चुकूनही लावू नका.

प्रश्न: नवीन लॅपटॉपवर जुन्या कॉम्प्युटरमधल्या फाइली आणल्या, सगळ्यांची 'क्रिएटेड' तारीख आजची झाली. काहींवर १ जानेवारी १९७०, पहाटे ५:३० असं आलंय. व्हायरस आहे का?
– एक निवृत्त शिक्षक, अकोला

उत्तर: सर, व्हायरस नाही. कॉपी केली की त्या डिस्कवर ती फाइल आज जन्मली म्हणून क्रिएटेड आजची, पण आतलं लिखाण शेवटचं कधी बदललं ते 'मॉडिफाइड'मध्ये तसंच राहतं. फोल्डरमध्ये मॉडिफाइडने सॉर्ट लावा, काम झालं. १९७० वाली गंमत अशी की युनिक्स पद्धतीत वेळ १ जानेवारी १९७० च्या शून्यापासून सेकंदांत मोजतात, तारीखच हरवली की शून्य उरतो आणि भारतात तो शून्य साडेपाचला दिसतो. त्या फाइलींची खरी तारीख आतल्या मजकुरातून किंवा नावावरून शोधावी लागेल. जुना कॉम्प्युटर बंद-चालू केल्यावर दरवेळी मागची तारीख दाखवतो का तेही बघा, दाखवत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला, मिळायला सोपा आहे, आणि तो बदलल्याशिवाय तारखा दुरुस्त करायला बसू नका.

प्रश्न: व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोंची आणि आजोबांच्या स्कॅन केलेल्या फोटोंची तारीख कशी लावायची?
– एक वाचक, पणजी

उत्तर: व्हॉट्सअ‍ॅप आतली तारीख काढून टाकतं. अँड्रॉइडवर नावात जे २०१९०८१४ असं दिसतं तो फोटो पोचल्याचा दिवस, काढल्याचा नाही, लोक गणपतीचे फोटो दिवाळीत पाठवतात. ज्याने काढला त्याला सांगा डॉक्युमेंट म्हणून पाठव, तसा आला की आतली तारीख शाबूत येते.

स्कॅनवर स्कॅनरची आजचीच तारीख असते, ती खुशाल बदला. फोटोच्या आत तारीख साध्या अक्षरांत लिहिलेली असते म्हणून १९६८ सुद्धा बसतं, पेनड्राइव्हच्या जुन्या फॅट पद्धतीतल्या फाइलीच्या तारखेसारखी १९८० ची अट तिथे नाही. फक्त सालच माहीत असेल तर त्या सालची १ जानेवारी टाका आणि वर्णनात "साल अंदाजे, मावशीने सांगितलं" असं लिहा. फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का किंवा पेनने लिहिलेलं काही असेल तर ती बाजूही स्कॅन करून त्याच नावाने शेजारी ठेवा.